गुलछबूच्या वाफ्यातली ती वस्तू

नांदेडला माझ्या सासरी चातुर्मासात लसूण खायला बंदी होती, आणि 'लसूण' म्हणायलासुद्धा.

खायची बंदी पुष्कळ घरांत असते, त्यात नवल काही नाही. कांदेनवमीला कांदा, लसूण, वांगी पोटाला तडस लागेस्तोवर खाऊन घ्यायचं आणि मग थेट कार्तिकी एकादशी होईपर्यंत त्यांच्याकडे ढुंकून बघायचं नाही. पण आमच्या आत्याबाईंचं (म्हणजे सासूबाईंचं, आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणायची रीत) तेवढ्यावर भागत नसे. त्यांचं म्हणणं, नुसतं नाव घेतलं तरी जिभेला वास लागतो! म्हणून कुणाच्या तोंडून चुकून तो शब्द निघालाच, तर त्यानं असेल तसं उठून मोरीत जायचं आणि चूळ भरून यायचं. बोलणं अडू नये म्हणून घरात तिला 'ती वस्तू' म्हणत.

मामंजी बाजारातून आले की सांगत, "आज त्या वस्तूचे ढीग लागलेत बाजारात."

"तुम्ही तिकडं बघितलंतच कशाला?" आत्याबाई विचारत.

"डोळे हायत मला, म्हणून बघितलं."

"मग डोळ्यांना पाणी लावून या!"

मामंजी तहसील कचेरीत पेशकार होते. अंगात काळी शेरवानी, बोलण्यात उर्दू, आणि तहसीलदारसाहेबांच्या समोर कागद पुढे करताना हात इतका अदबीनं लववत की कागद साहेबांच्या गुडघ्याला लागे. बाहेर त्यांचा दरारा मोठा. घरी मात्र शेरवानी दारामागच्या खुंटीला गेली की दराराही तिथंच लटकत राही.

अशा घरात मी नांदायला आले ती ट्रंकेत लसणाची जुडी घेऊन.

माझं माहेर उदगीरकडचं. घरी शेती. चातुर्मास आमच्याकडेही होता, पण तो अण्णांपुरता आणि म्हाताऱ्या माणसांपुरता. "पोरासोरांना कसला आलाय चातुर्मास!" असं आईचं शास्त्र होतं, आणि मी त्या शास्त्राची फार मोठी भक्त! शिळी भाकरी, वर तेल-तिखट आणि सोबत कच्च्या लसणाच्या दोन पाकळ्या एवढं मिळालं तर मला पंगतीतलं ताट नको असे. सात-आठ वर्षांची असताना तर मी आठवडाभर रोज कणगीमागं बसून लसूण खात होते. आईला वासावरून पत्ता लागला. तिनं मला जे बडवलं, ते बडवलं! आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून रडत बसली. लसणापायी इतकं रडायचं काय, ते मला कळलं नाही. दोन दिवस माझ्याजवळ कुणी निजायला तयार नव्हतं, एवढंच आठवतं.

लग्न माझं लहानपणीच झालेलं, पण नांदायला आले ती सोळाव्या वर्षी, वैशाखात. निघायच्या दिवशी आईनं मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि फडक्यात बांधलेली जुडी माझ्या हातात ठेवली.

"हे बी माझ्या आजेसासूच्या सासूचं हाय," आई म्हणाली. "पाच पिढ्यांचं. पाकळी बारीक, पण ठेचा केला तर तिसऱ्या घरात कळतंय. हे खायचं न्हाई, कळलं का? लावायचं. घट बसले की मातीत गेलं पाहिजे. कोजागिरी टळली की फोल होऊन जातंय. अन् बी मोडलं तर पाच जणी वरून बघून राहिल्यात, ध्यानात ठेव!"

पाच जणी वरून बघून राहिल्यात म्हटल्यावर मी काय करणार? जुडी ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवली. कांदेनवमीच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी घरातली उरलीसुरली ती वस्तू कामवालीला देऊन टाकली, कोपरान् कोपरा सारवून घेतला, फडताळं धुतली. ट्रंक तेवढी राहिली. पुढले तीन महिने मी जी साडी नेसे तिला माहेरचा वास येई!

आमच्या ह्यांनी एकदा विचारलंच. हे शाळेत गणित शिकवत; स्वभावानं इतके सरळ की आईसमोर शिंक दाबली तरी नंतर जाऊन सांगत.

"तुझ्या पदराला कसला वास येतो गं?"

"माहेरचा."

"माझ्या बहिणींना न्हाई येत असला माहेरचा वास."

"त्यांचं माहेर हेच हाय ना! कसा येईल?"

ह्यांना हे गणित पटलं.

भाद्रपदात अण्णांचं कार्ड आलं. आमच्या घरी कार्ड मामंजी ओसरीवर बसून सर्वांना ऐकू जाईल असं वाचत. "चिरंजीव सौभाग्यवती बाईस आशीर्वाद. यंदा पावसानं माळवद गळालं, अन् शिंक्यावरचं..." इथं मामंजी अडखळले, चष्मा वर केला, आत्याबाईंकडे बघितलं आणि पुढे वाचलं, "...शिंक्यावरची ती वस्तू समूळ सडली. एक पाकळी राहिली न्हाई."

"बरं झालं!" आत्याबाई म्हणाल्या. "देवानंच काढून नेली."

"तुझी आई म्हणती, दिलेलं तेवढं जप." मामंजींनी कार्ड उलटं करून बघितलं. संपलं होतं.

"काय दिलंय गं आईनं?" आत्याबाईंनी विचारलं.

"शिकवण," मी म्हणाले.

झालं! म्हणजे आता पाच पिढ्यांचं बी जगात फक्त माझ्या ट्रंकेत उरलं होतं. माझ्या हातून ते फोल गेलं तर आईला तोंड कसं दाखवू? मी रोज रात्रीच्या जेवणात पानातला भात चिवडत बसे. आत्याबाईंना वाटलं पोरीला दिवस गेले. त्यांनी माझ्या पानात जास्तीचं तूप वाढायला सुरुवात केली. मी नाही म्हटलं नाही, तूप चांगलं होतं.

लावायचं कुठं, हाच प्रश्न. परस मोठं होतं. आड होता, तुळस होती, पण तिथलं प्रत्येक रोप देवासाठी राखलेलं. जास्वंद देवाची, तगर देवाची, शेवंती देवाची. ती वस्तू तिथं लावते म्हटलं असतं तर आत्याबाईंनी मला आडासकट सारवून काढलं असतं. पितृपंधरवडा संपत आला, घट उद्यावर आले, आणि त्या संध्याकाळी मामंजी टांग्यातून उतरले ते हातात वेताची टोपली घेऊन. टोपली त्यांनी अशी धरली होती की आत साहेबांचं तान्हं लेकरूच आहे!

"तहसीलदारसाहेबांनी इनायत केलीय," मामंजी म्हणाले. "गुलछबूचे गड्डे. हैदराबादेहून आलेत. निम्मे साहेबांच्या बंगल्यात, निम्मे आपल्याला."

मी बघितलं. गड्डे अकरा होते. गुलछबूची, म्हणजे निशिगंधाची, लावणी उन्हाळ्याच्या तोंडाला करतात, आश्विनात नाही, हे मला शेतकऱ्याची पोर म्हणून माहीत होतं. तसं मी म्हणालेही.

"साहेबांनी दिले म्हणजे मोसम!" मामंजी म्हणाले. "सूनबाई, तुला माहिती हाय ना मातीचं? मग तूच वाफा कर अन् तूच लाव. एक जरी गड्डा वाया गेला तर मी कचेरीत कोणत्या तोंडानं जाऊ?"

देवच पावला म्हणायचा!

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई घट मांडायच्या गडबडीत होत्या. मी परसात वाफा भुसभुशीत केला, शेणखत मिसळलं, साहेबांचे अकरा गड्डे कडेकडेनं लावले आणि मधली सगळी जागा पाच पिढ्यांना दिली. गड्ड्या फोडून पाकळ्या सुट्या केल्या, शेंडा वर ठेवून बोटाच्या पेराएवढ्या खोल खोचल्या आणि वरून माती सारखी केली. जगातलं सगळं बी एका वाफ्यात! आईनं दिलेली एक पाकळीसुद्धा मागे ठेवली नाही. (एक ठेवली होती. ती खाल्ली. सगळं खरं सांगायचं ठरवलंय म्हणून सांगते.)

आत आले तर आत्याबाईंनी नाक वर केलं.

"कसला गं वास येऊन राहिला?"

"खताचा."

"कोणत्या खताचा?"

"लेंडीखताचा, आत्याबाई."

"आपल्याकडं शेळी कधी होती?"

"शेजाऱ्यांची येती ना!"

"आंघोळ कर," आत्याबाई म्हणाल्या. "अन् बोलू नकोस, तोंडाला पण येतोय लेंडीचा वास."

आठ-दहा दिवसांत वाफ्यातून हिरवे कोंब उभे राहिले. काय सांगू, मला रडू फुटलं! पाच जणींना मनातल्या मनात नमस्कार केला. कडेचे साहेबांचे अकरा गड्डे मात्र ढिम्म. बेमोसमी आणि वरून रोजचं पाणी, ते आतल्या आत सडून बसले होते. पण वरून बघणाऱ्याला काय कळतं? घरादाराला वाटलं गुलछबूच तरारून आली!

आत्याबाई कमरेवर हात ठेवून वाफ्यापाशी उभ्या राहिल्या.

"अगं, गड्डे तर अकराच होते. कोंब पन्नासच्या वर दिसतात!"

"साहेबांचे गड्डे हायत, आत्याबाई."

"हाव, तेही खरंच." त्यांनी मान डोलवली. "मोठ्या घरचं सगळं जास्तच असतंय."

इथवर सगळं ठीक होतं. पण आत्याबाईंच्या मनात आलं की ही फुलं देवाला वाहायची तर झाडं आधी शुद्ध व्हायला पाहिजेत. परक्या घरून आलेली! म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्यांनी देवांच्या स्नानाचं पाणी तुळशीत घालायचं सोडून त्या वाफ्यात घालायला सुरुवात केली. रोज सकाळी सोवळ्यात, तोंडानं स्तोत्र म्हणत, तांब्यानं हळूहळू! चातुर्मासात जिचं नाव घेतलं की चूळ भरायची, तिला माझ्या सासूबाई रोज देवाचं पाणी पाजत होत्या, आणि ती मेली वस्तू अशी फोफावली की विचारू नका.

"कार्तिकी एकादशीला पहिलं फूल विठोबाला," त्यांनी जाहीर केलं. मग एका पातीपाशी नाक नेलं. "वास कसा न्हाई गं अजून?"

"कळी आल्याशिवाय कुठला वास, आत्याबाई! हात मात्र लावू नका, पात मोडती."

"न्हाई बाई, मी कशाला मोडू?"

आमच्या ह्यांना मात्र तिसऱ्याच दिवशी कळलं. कोंबांची मोजणी करता करता ते वाफ्याजवळ वाकले, पात बघितली, मग माझा पदर बघितला.

"ही गुलछबू..."

"हाव. गुलछबूच."

"न्हाई पण, ही तर..."

"बोलू नका! पाच पिढ्यांचा प्रश्न हाय."

"मला काही सांगू नकोस," हे कानावर हात ठेवून म्हणाले, "मला खोटं बोलता येत न्हाई." आणि तडक मोरीत जाऊन चूळ भरून आले.

"शब्द तर उच्चारला न्हाई तुम्ही!"

"मनात आला ना!"

त्यानंतर घरात गुलछबूचा विषय निघाला की हे उठत. आत्याबाईंनी शेजारणीला वाफा दाखवला, हे मोरीत. मामंजी म्हणाले, "गुलछबू बघ किती वाढली," हे मोरीत. दिवसातून दहा-दहा चुळा! आत्याबाईंना वाटलं पोराची दाढ दुखते. त्यांनी लवंगेचं तेल आणून ठेवलं.

आता साहेबांच्या बंगल्यातले गड्डे उगवले असते तर गोष्ट इथंच मिटली असती. पण तिथं एकही उगवला नाही. आणि मामंजींनी कचेरीत मोठ्या तोंडानं सांगून ठेवलं, "हुजूर, आमच्या सुनेच्या हाताला गुण हाय. आमच्याकडं वीतभर वाढलीय." साहेब म्हणाले, दिवाळीला मुबारकबाद द्यायला येऊ तेव्हा बघू.

पाडव्याच्या दिवशी साहेब आले. उंच, गोरे, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि आवाज असा मऊ की रागावले तरी कुणाला कळू नये. ओसरीवर फराळ झाला. करंजीची तारीफ झाली. मी आणि आत्याबाई स्वैपाकघराच्या दाराआड उभ्या. त्या काळी परक्या पुरुषासमोर यायची रीत नव्हती, पण दाराला फट होती.

"चला हुजूर, परसात," मामंजी म्हणाले.

साहेब वाफ्यापाशी गेले. खाली वाकले. आणि मला ज्याचं भ्या होतं तेच झालं. त्यांनी एका पातीचा शेंडा दोन बोटांत चुरडला आणि नाकाशी नेला.

आत्याबाई माझ्या कानात कुजबुजल्या, "बघ, वास घेऊन राहिले. किती हौस!"

साहेबांच्या मिशा एकदा हलल्या. त्यांनी मामंजींकडे बघितलं. मामंजींच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की त्या माणसाला खरं सांगायचं कुणाच्याही जिवावर यावं. आमच्या घरचा चातुर्मासाचा नेम साहेबांना ठाऊक होता. दरसाल त्यांच्या मेजवानीला मामंजी फक्त केळी खाऊन येत. साहेब खानदानी माणूस. त्यांनी हात मागे बांधले आणि म्हणाले, "सुभानल्ला! बड़ी नायाब किस्म हाय, पेशकारसाब."

मी सुटकेचा श्वास सोडला. तो लवकर सोडला!

"हुजूरांना पसंत आली?" मामंजींनी हात जोडले. "मग ही हुजूरांचीच. सगळीच्या सगळी बंगल्यावर पाठवतो. आत्ता!"

"नईं नईं, रहने दो..."

"न्हाई हुजूर, आपलीच चीज हाय."

"अरे, नक्को मियाँ..."

"हमारी इज्जत का सवाल हाय, हुजूर!" साहेब नको म्हणायला लागले की आणखी जोरानं द्यायचं, हीच अदब, असं मामंजींनी वीस वर्षांत शिकून घेतलेलं. त्यांनी शेरवानीच्या बाह्या वर केल्या आणि आमच्या ह्यांना हाक मारली, "अरे, खुरपं आण! मुळासकट काढ सगळी!"

हे खुरप्याकडे न जाता मोरीकडे गेले.

मग मामंजी स्वतःच वाकले. त्यांनी पहिल्या पातीला हात घातला, आणि माझ्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली. तिच्यामागे पाच जणी उभ्या राहिल्या. जगातलं शेवटचं बी! गड्डी धरायच्या आधीच उपटलं तर संपलंच सगळं! मी कधी दार ढकललं, कधी परसात आले, मला माहीत नाही. डोईवर पदर होता एवढं नशीब.

"मामंजी, उपटू नका!" मी ओरडले. "ती... ती वस्तू हाय!"

मामंजींचा हात पातीवर तसाच राहिला. दाराआडून आत्याबाईंच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि गप झाल्या.

"वस्तू?" साहेबांनी विचारलं. "कौनसी वस्तू?"

आता सांगणार कोण? मला तोंड उघडवेना. मामंजींचा चेहरा पांढराफटक. ओठ हलत होते पण शब्द बाहेर येत नव्हता, कारण चाळीस वर्षांत चातुर्मासात तो कधी आलाच नव्हता. हे मोरीतून तोंड पुसत आले, साहेबांचा प्रश्न ऐकला आणि तसेच परत फिरले.

साहेबांना हसू आवरेना. "अरे, लहसन बोलो ना मियाँ, लहसन! इत्ता डरते कायकू?"

आणि दाराआडून, सवयीनं, खणखणीत आवाजात आत्याबाईंचा हुकूम आला, "चूळ भरा!"

तहसीलदारसाहेबांना! ज्यांच्या समोर अख्खा तालुका हात जोडून उभा राही, त्यांना माझ्या सासूनं चूळ भरायला सांगितली. मामंजी वाफ्याच्या कडेला मटकन खाली बसले. बरोबर साहेबांच्या सडलेल्या गड्ड्यांवर बसले.

साहेबांनी एक क्षण दाराकडे बघितलं. मग आडाच्या काठावरचा लोटा उचलला, दाढी सावरली, शिस्तीत तीन चुळा भरल्या आणि रुमालानं तोंड पुसून विचारलं, "अब ठीक?"

"ठीक," आतून आवाज आला, आणि लगेच त्याच आवाजाचा हंबरडा झाला. "अहो पण मी वीस दिवस तिला देवाचं पाणी घालून राहिले ना! माझा सगळा चातुर्मास बुडाला! सूनबाई, काय केलंस गं हे?"

मी तिथंच मातीत बसून रडायला लागले. आई, जुडी, पाच पिढ्या, गळालेलं माळवद, सगळं सांगून टाकलं. जिथं जिथं तो शब्द आला तिथं तिथं 'ती वस्तू' म्हटलं, म्हणून रडणं लांबलं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग दाराकडे पाठ करून, जणू वाफ्याशीच बोलत असल्यासारखे म्हणाले, "बीबीजी, आप ने उसको खाया तो नईं. पानी पिलाया. प्यासे को पानी पिलाना तो सवाब का काम हाय, इसमें गुनाह कायका?"

आत आत्याबाई शास्त्र तपासत होत्या. पाणी पाजणं पुण्याचं, हे त्यांना खोडता येईना. आणि एका मुसलमान अंमलदाराला आपल्यापेक्षा जास्त धर्म कळतो असंही दिसू द्यायचं नव्हतं.

"ते मला माहितीच हाय," शेवटी आतून आवाज आला. "म्हणूनच घालत होते."

साहेब निघून गेले. (पुढे कळलं की बंगल्यावर खानसाम्याला सांगताना तेही म्हणायला लागले, "आज सालन में वस्तू जरा कम डालो.") आणि आत्याबाईंनी माझा निवाडा केला. त्यांनी वाफ्याभोवती शेणाची रेघ ओढली. रेघेच्या आतली जागा घराबाहेरची. बी जगवायचं तर खुशाल जगव. पण रेघ ओलांडली की डोक्यावरून आंघोळ. एकादशीला दहा दिवस होते. पाणी घालायला सकाळी एकदा, गवत काढायला दुपारी एकदा, आणि शेजाऱ्यांची शेळी (ती खरोखरच येत होती!) हाकलायला वेळी-अवेळी तीनदा. त्या साली कार्तिकस्नानाचं पुण्य अख्ख्या नांदेडात माझ्याइतकं कुणाला लागलं नसेल. सर्दीही कुणाला लागली नसेल.

तुळशीचं लग्न लागलं, चातुर्मास सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. आत्याबाई आल्या, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "सूनबाई, त्या वस्तूची दोन पाती आण जरा. बघू तरी, पाच पिढ्या काय म्हणतात ते."

मी पात आणली, मिरची-मीठ घालून ठेचा केला. आत्याबाईंनी ज्वारीच्या तीन भाकरी खाल्ल्या. मग बोटं चाटत म्हणाल्या, "देवाच्या पाण्याचा गुण, दुसरं काय!"

फाल्गुनात वाफा काढला. गड्ड्या घसघशीत निघाल्या. त्यातली सगळ्यात चांगली जुडी मी बांधून ठेवली आणि उन्हाळ्यात माहेरी गेले ती छाती पुढे काढूनच गेले. गाडीत जुडी मांडीवर. शेजारच्या बाया सरकून बसल्या, तर बसू देत! घरात पाऊल टाकलं आणि जुडी आईच्या ओटीत ठेवली.

"घे! तुझं बी. पाच पिढ्यांचं. इकडलं सडून गेलं होतं, मी राखलं!" आणि मग साहेब, चुळा, आंघोळी, सगळं एका दमात सांगितलं.

आईनं तोंड फिरवलं. पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. माझेही डोळे भरून आले. मी म्हटलं, "आई, रडू नको गं. आता काळजी न्हाई."

आईनं पदर काढला. बया हसत होती! हसता हसता तिला उचकी लागली.

"काय झालं?"

"अगं, पाच पिढ्यांचं बी कुठलं आलंय आता?" आई म्हणाली. "तुझ्याजवळ दिलं ते उदगीरच्या बाजारातल्या ढिगातलं होतं."

"म्हणजे? अन् आजेसासूच्या सासूचं?"

"ते केव्हाच संपलं. आठ वर्षांची होतीस तू. कणगीमागं बसून आठवडाभर काय खाल्लंस, ते विसरलीस व्हय गं मेले? पाच पिढ्या त्याच होत्या! शिळ्या भाकरीसंगं संपवल्यास. माझ्या सासूला कळू नये म्हणून मी बाजारातला आणून शिंक्यावर टांगला."

"मग मला खोटं कशाला सांगितलंस?"

"नुसता लसूण म्हणून दिला असता तर लावला असतास का?" आईनं विचारलं. "नांदेड येईस्तोवर गाडीतच खाल्ला असतास!"

आईला माझी पारख होती.

आता आई नाही, आत्याबाई नाहीत, आणि पहिल्या पातीला हात घालणारे मामंजीही नाहीत. पण तो लसूण अजून आमच्या परसात दर आश्विनात लागतो. माझी सून तो फार जपते. कुणाला चार पाकळ्या देताना ती मोठ्या अभिमानानं सांगते, "आमच्या सासूबाईंच्या माहेरचं बी हाय हे, पाच पिढ्यांचं! सासूबाईंनी जीव लावून राखलं. हो ना हो, आत्याबाई?"

"हाव," मी म्हणते, आणि मोरीत जाऊन चूळ भरून येते.